राबातलं लोखंड

बेहेडपाड्यात यंदा गोदीचा राब सगळ्यांत जाड झाला होता. हे ती तोंडाने कुणाला सांगत नसे, पण पाण्याला निघालेल्या बायकांना दोन-तीनदा तरी मुद्दाम त्या बांधावरून घेऊन गेली होती. बायका बघायच्या, काही बोलायच्या नाहीत, आणि त्या बोलल्या नाहीत यातच गोदीला काय ते समजायचं.

तीन माणसांच्या हातांनी उभा केलेला राब होता तो. मुलगा कमलेश दिवाळी झाल्याबरोबर ठाण्याकडे जगायला गेला होता. मजुरीसाठी घर सोडणाऱ्याला इकडे 'जगायला गेला' असंच म्हणतात. मागे राहिले देवजी, गोदी आणि सून जयवंती. अठ्ठावन्न वर्षांचा देवजी कमरेला कोयता अडकवून ऐनाच्या झाडांवर चढला, फांद्या तोडून खाली टाकत राहिला. दोघी बायकांनी ते कवळाचे भारे टेकडी उतरून डोक्यावरून आणले. खाली शेण, त्यावर कवळ, त्यावर वाळक्या पानांचा पातेरा, त्यावर गवत, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून सगळ्यांत वर चाळलेली माती. दोन महिने हेच चाललं होतं. आता आखाती, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की एखाद्या बिनवाऱ्याच्या सकाळी तो भाजायचा. जमीन नीट भाजली तर भाताचं रोप जोमाने येतं. रोप आलं तर वर्षाचा तांदूळ घरात येतो, नाहीतर दिवाळीनंतर तिघांनाही कमलेशच्या मागे चालू पडायचं. इतकं ते सरळ होतं.

मातीचा थर टाकायच्या आधी गोदी एक काम एकटीच करायची. मोडक्या कोयत्याचं वीतभर टोक घरातल्या कुडात खोचलेलं असायचं. ते घेऊन ती जायची आणि राबाच्या वरच्या कोपऱ्यात, बांधापासून दोन हात आत, ठेवून यायची. त्या वेळी देवजीला हमखास बैलांची आठवण व्हायची आणि तो गोठ्याकडे चालू लागायचा. तीस वर्षं त्याने तिला याबद्दल काही विचारलं नव्हतं, आणि तिनेही सांगितलं नव्हतं.

आखातीच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, माळावर गाड्या आल्या.

गोदीच्या राबाच्या वरच्या अंगाला मोठा सपाट माळ आहे. तिथे माणसांनी फीत धरून मापं घेतली आणि फक्कीचं पांढरं वर्तुळ काढलं. पोलीसपाटील तुका धावत धावत देवजीच्या दारात आला. त्याने नवा सदरा घातला होता, त्यावरूनच प्रकरण मोठं असल्याचं कळत होतं.

"देवजीदादा, बुधवारी दिल्लीचे मंत्री येतात. आन् त्यांच्यासंगं परदेशातला पाहुना. तिकडचा प्रधान हाय म्हनं. आपली अंगनवाडी बघाया येतो."

"आपली? आपल्या अंगनवाडीत काय हाय बघाया?"

"आता असल. रंग देतात ना सकाळपासून."

त्या पाहुण्याचं नाव तुकाला तीनदा सांगितलं होतं, पण त्याला ते एकदाही धड घेता आलं नाही. मग सगळा पाडा त्याला नुसता 'पाहुना' म्हणू लागला.

बंदोबस्ताचे मोठे साहेब बांधावर उभे राहून राबाकडे बघत होते. वर्तुळापासून राब जेमतेम साठ पावलांवर होता. "हा कचरा कुणाचा?" त्यांनी विचारलं.

देवजी पुढे झाला. "कचरा नाय साहेब. राब हाय माझा."

"कधी पेटवणार?"

"उंद्या-परवा पेटवतो. येळ झालीच हाय."

"नाही नाही. बुधवारपर्यंत इथे काडी ओढायची नाही. धूर चालत नाही, राख चालत नाही. हेलिकॉप्टर उतरलं तर ही राख कुठे जाईल माहीत आहे?"

"मंग बुधवारनंतर पेटवतो."

"आणि असाच ठेवलात तर सगळा पाला उडून पंख्यात जाईल. हा उचलावा लागेल. नाहीतर बंब बोलवून भिजवतो."

गोदी घराच्या कुडाला टेकून ऐकत होती. ती पदर सावरत पुढे आली. एवढ्या मोठ्या साहेबाशी ती जन्मात बोलली नव्हती. तिचा आवाज चढाच लागला. "भिजलेला राब भाजत नाय साहेब. भिजवाल तर आमचं रोप गेलं. आमी खायाचं काय?"

साहेब तिच्याकडे बघत राहिले. माणूस वाईट नव्हता. चार रात्री न झोपलेला होता एवढंच. "मावशी, तो माणूस आपल्या दारात येतोय. त्याला आपल्याकडे काटा जरी बोचला तरी सगळ्या देशाची मान खाली जाते. ते होऊ न देणं एवढंच माझं काम." मग त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "बरं. हिरवी जाळी देतो. जाळी टाका, वर दगड ठेवा, एक पान उडता कामा नये. यात नुसता पालाच आहे ना? अजून काही?"

"शेन हाय, कवळ हाय, गवत हाय," देवजी म्हणाला.

"बाकी काही?"

देवजीने मान खाली घातली. "नाय," तो म्हणाला.

गोदीही गप्प राहिली. ते लोखंड राबात 'काही' म्हणून मोजायची वस्तू आहे, असं तिच्या मनात कधी आलंच नव्हतं.

रविवार दगड वाहण्यात गेला. ओढ्यातून दगड उचलायचा, छातीशी धरायचा, चढ चढायचा आणि जाळीच्या कडेवर ठेवायचा. जयवंतीच्या हाताची नखं तुटली. देवजीची पाठ दुपारनंतर सरळ होईना. त्यात पाणवठ्याची वाट माळावरून जायची, ती बंद झाली. आता टेकडीला वळसा घालून जायचं म्हणजे एका खेपेला पाऊण तास जास्त. इकडे माळावरची धूळ बसावी म्हणून दोन टँकर पाणी शिंपडत होते. जयवंती हंडा घेऊन टँकरपाशी जाऊन नुसती उभी राहिली. ड्रायव्हरने इकडेतिकडे बघितलं आणि गुपचूप दोन हंडे भरून दिले.

सोमवारी सकाळी राबापाशी एक पोलीस बाई आणून उभी केली. रंजना तिचं नाव. वय अठ्ठावीसच्या आसपास. जव्हारकडची, बाप शाळामास्तर. आजी राब भाजायची हे तिला आठवत होतं, पण तिने स्वतः कधी कवळाचा भारा उचलला नव्हता. तिला सांगितलं होतं, राबाजवळ कुणी येता कामा नये. सकाळी सातपासून ती बांधावर उभी. माळावर सावली नाही, बसायला परवानगी नाही, आणि बाईमाणसाने आडोशाला जायचं तर आडोसा नाही.

अकरा वाजता गोदी पाण्याचा तांब्या घेऊन गेली.

"मावशी, इकडे येऊ नका. मला बोलणी बसतील."

"राब माझा हाय, बाय. मी त्यात नाय येत. पानी पी."

रंजनाने तांब्या तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली ठेवला. गोदीने तिच्याकडे नीट बघितलं. खाकी सदऱ्यावर छातीपाशी दोन ओले डाग होते. ते घामाचे नव्हते.

"तान्हं हाय तुला?"

रंजनाने एकदम हात आडवा धरला. तिचे डोळे भरून आले. "आठ महिन्यांची आहे. प्रगती. सासूबाईंकडे ठेवलीय. तीन दिवस झाले, दगड झालेत छातीचे. ताप येतोय असं वाटतं."

"चल घरात."

"पॉइंट सोडता येत नाही मावशी."

"ही बघ माझी सून. ती बसते बांधावर. पाखरू येऊ देनार नाय. चल."

घरात अंधार होता आणि शेणाने सारवलेल्या जमिनीचा गारवा होता. गोदीने पाणी गरम करून फडकं पिळून दिलं. स्वतः पाठ करून चुलीपाशी बसली. दूध वाटीत काढताना रंजना एक-दोनदा कण्हली. मग तिचा श्वास हळूहळू सैल झाला.

"पोरीच्या उशाला लोखंड ठेवतंस ना?" गोदीने पाठमोरीच विचारलं.

"सासूबाई ठेवतात अडकित्ता. माझा काही विश्वास नाही."

"आमी कोयत्याचा तुकडा ठेवलेला. माझ्या बाळ्याच्या उशाला." गोदी चुलीतली लाकडं मागेपुढे करत राहिली. "माहेर माझं वावर गावी. ज्या साली तिकडं भुकेनं पोरं गेली ना, त्या साली बाळ्याला घेऊन मी तिथंच होते. दीड वर्साचा होता. हा देवजी जगायला गेलेला, वसईकडं. निरोप पोचून हा येईस्तोवर सगळं आटपलेलं. यानं तोंड नाय बघितलं पोराचं."

रंजनाच्या हातातली वाटी तशीच राहिली.

"सासू म्हनली, या लोखंडानं पोर नाय राखलं, आता भात तरी राखू दे. तवापासून राबात ठेवते. रोप उगवलं की काढून घेते." तिने एक लाकूड आत सरकवलं. "त्यात काय हाय-नाय ते देवाला ठावं. पन बाळ्याच्या उशाला ते होतं. मी होते, सासू धावत आलेली आन् ते होतं. सासू मेली. आता मी आन् तेच उरलाव."

रंजनाने वाटी खाली ठेवली. तिने सदऱ्याची बटणं लावली, टोपी घातली, आणि जाता जाता गोदीच्या खांद्यावर हात ठेवला. उन्हात परत उभी राहिली तेव्हा तिच्या डोक्यात आठ महिन्यांची प्रगती होती आणि दीड वर्षाचा एक मुलगा होता. उद्या तपासणीचं पथक येणार आहे हे तिला माहीत होतं, पण राबातलं लोखंड आणि ती तपासणी यांची गाठ तिच्या मनाने मारलीच नाही.

मंगळवारी दहा वाजता बॉम्बशोधक पथक आलं. काळ्या कुत्र्याने राबाभोवती एक फेरी घातली आणि शेणाला नाक लावून शिंकलं. मग एक माणूस लांब दांड्याचं यंत्र जाळीवरून फिरवत पुढे सरकला. वरच्या कोपऱ्यात, बांधापासून दोन हात आत, यंत्र ओरडलं.

त्यानंतर पाच मिनिटांत पाडा रिकामा झाला. शिट्ट्या वाजल्या. म्हाताऱ्यांना उचलून खालच्या आंब्यापाशी नेलं. कुणाची भाकर तव्यावरच राहिली, कुणाच्या कोंबड्या वाटेत सुटल्या. देवजीला दोघांनी दंडाला धरून गाडीपाशी आणलं आणि कमरेचा कोयता काढून घेतला. कोयत्याशिवाय त्याला पाड्यात कुणी पाहिलं नव्हतं. त्याचा हात सारखा रिकाम्या कमरेकडे जात होता.

दिल्लीहून आलेला एक साध्या कपड्यातला अधिकारी समोर उभा राहिला. "क्या है उसमें?"

वीटभट्ट्यांवर दहा वर्षं काढल्यामुळे देवजीला हिंदी चांगली कळत होती. तो जमिनीकडे बघत राहिला.

"शनिवारी तुम्हाला विचारलं होतं," मोठे साहेब म्हणाले. "काही नाही म्हणालात. आता सांगा. कुणी ठेवलंय? कुणी ठेवायला सांगितलं?"

देवजीचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. त्याला एवढंच सांगायचं होतं की माझ्या पोराचं आहे. तीनच शब्द होते. ते त्याने तीस वर्षांत घरात कधी उच्चारले नव्हते, आणि इथे, परक्या माणसांच्या वेढ्यात, बंदुकांसमोर, ते कुठून बाहेर येणार?

"सगळा राब उपसा," साहेब म्हणाले. "तळापर्यंत. पाण्याचा टँकर घ्या, आधी भिजवा."

आंब्याखाली गोदी उठून उभी राहिली, पण पोलिसांनी लावलेल्या दोरीपाशी तिला अडवलं. ती ओरडत होती. ते कुणी ऐकत नव्हतं.

रंजनाने ते ऐकलं. ती आपल्या जागेवरून चालत साहेबांपर्यंत आली आणि तिने सलाम केला. पुढे काय होणार हे तिला चांगलं ठाऊक होतं.

"सर, ते मोडक्या कोयत्याचं टोक आहे. मला माहीत आहे."

"तुला कसं माहीत?"

"काल मावशींनी सांगितलं. त्यांच्या घरात."

"घरात? तू पॉइंट सोडून घरात गेली होतीस?"

"हो सर."

"आणि कालच कळलं होतं तर सांगितलं का नाहीस?"

"माझ्या लक्षात आलं नाही सर. चूक माझी आहे." मग तिने एका दमात ते सगळं सांगितलं. बाळ्याचं, उशाचं, वावरचं. मराठी न समजणाऱ्या अधिकाऱ्याला तिने ते परत हिंदीतून सांगितलं. गाडीला टेकलेल्या देवजीने आपल्या मुलाचं नाव असं परक्या तोंडून, दोन-दोन भाषांत ऐकलं. त्याने चेहरा बाजूला वळवला.

साहेबांनी राबाच्या कोपऱ्याकडे बघितलं. "बांधापासून किती?"

"दोन हात सर. फक्त तिथेच उघडलं तर चालेल. बाकीचा राब..."

"ते मी ठरवीन."

पण ठरवलं त्यांनी तिच्या म्हणण्यासारखंच. टँकर थांबवला. जाड पोशाख घातलेला माणूस एकटा राबाकडे गेला. त्याने कोपऱ्यातले दगड बाजूला केले, जाळी उचलली आणि गुडघ्यांवर बसून हाताने एकेक थर काढला. पाऊण तासाने त्याने हात वर केला. हातात गंजकं, वीतभर लोखंड होतं.

ते प्लॅस्टिकच्या पिशवीत गेलं आणि पिशवी गाडीत. देवजीला सोडलं, कोयता मात्र बुधवारी संध्याकाळी मिळेल म्हणाले. रंजनाला सांगितलं की लेखी खुलासा द्यायचा. बदली माणूस नव्हता म्हणून दुसऱ्या दिवसासाठीही तिला त्याच बांधावर ठेवलं. आणि तपासलेल्या जागेत आता कुणीही पाय टाकायचा नाही, असं बजावून पथक निघून गेलं. उघडा कोपरा तसाच राहिला. जाळी दुमडलेली, दगड बाजूला.

बुधवारी सकाळी पाड्यातल्या सगळ्यांना घरातच बसवलं होतं. गोदी दारातून तो कोपरा बघत होती. तिच्यापासून तो वीस पावलांवर होता, आणि त्या वीस पावलांत अकरा पोलीस उभे होते.

"आई, त्या कोपऱ्यातून वारा शिरल," जयवंती म्हणाली.

"शिरल."

"मंग?"

गोदी उंबऱ्यावर पुढे सरकली.

साडेदहाला टेकडीमागून आवाज आला. एक नाही, तीन हेलिकॉप्टरं होती. पहिलं माळावर आलं तसा दोन दिवस शिंपडलेल्या पाण्याखालचा सगळा फुफाटा उठला. जाळीचा सुटा कोपरा वर आला आणि फडफडायला लागला. त्याच्याखालून पातेऱ्याचा पहिला झोत बाहेर पडला. गोदीने दोन्ही हात डोक्यावर घेतले.

रंजना तिथे पाच पावलांवर माळाकडे पाठ करून उभी होती. तसंच उभं राहायचा हुकूम होता. तिने मान वळवून कोपरा बघितला. मग ती धावली आणि जाळीवर पालथी पडली.

तिची टोपी उडाली. वाळू कानात, नाकात गेली. तिने दोन्ही हातांनी जाळी धरून ठेवली, गुडघे रोवले, आणि अंगाखाली कवळाच्या काटक्या टोचत असताना डोळे घट्ट मिटून घेतले. दुसरं हेलिकॉप्टर उतरलं. त्यातून पाहुणा उतरला असावा. तिसरं उतरलं. वारा थांबला तेव्हा ती उठली आणि टोपीशिवाय, केसांत पाला घेऊन, परत आपल्या जागी पाठ करून उभी राहिली. मोठे साहेब माळाच्या पलीकडून तिच्याकडे बघत होते.

पाहुणा अंगणवाडीत सव्वीस मिनिटं होता. पोरांनी गाणं म्हटलं, त्याने हात जोडले, फोटो झाले. मग ती हेलिकॉप्टरं पुन्हा सुरू झाली आणि रंजना पुन्हा त्या कोपऱ्यावर पालथी पडली. या वेळी तिने कुणाकडे बघितलंदेखील नाही.

आकाश मोकळं झालं तसं पोलिसांच्या ट्रकचे भोंगे वाजू लागले. गोदी धावत बांधावर पोचली तेव्हा रंजना ट्रकमध्ये चढत होती. तिच्या कोपराला रक्त होतं आणि सदऱ्यावर चिखल झाला होता. दूध आणि माती मिळून झालेला चिखल होता तो.

"पोरी!" गोदीने हाक मारली.

"मावशी, ते लोखंड पोलीस ठाण्यात आहे," रंजना वरून ओरडली. "मी बघते." ट्रक निघून गेला.

राब वाचला होता. एक कोपरा सोडला तर जसाच्या तसा होता. तिघांनी जाळी आणि दगड काढले आणि तो कोपरा भरून काढला. संध्याकाळी तुकाने देवजीचा कोयता आणून दिला. देवजी म्हणाला, "सकाळी पेटवूं."

"नाय," गोदी म्हणाली.

"कां?"

"ती पोर बघते म्हनली लोखंडाचं. ते आल्याबिगर नाय."

गुरुवारी ढग आले. शुक्रवारी जास्त आले आणि खोडाळ्याकडे वळवाची एक सर पडून गेल्याचं बाजारातून आलेल्या शेजारच्या काशीने सांगितलं. देवजी दिवसभर आभाळाकडे बघत अंगणात फेऱ्या मारत होता.

"पोलीस हाय ती. सरकारी मानूस. ती कशाला येती गंजलेला तुकडा घेऊन?" तो शनिवारी भडकला. "सर पडली तर दोन महिन्यांचं काम मातीत जाईल. एका लोखंडापायी?"

गोदी भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. "एका लोखंडापायी नाय," ती म्हणाली, आणि पुन्हा थापू लागली. तिचा आवाज तापलेला नव्हता, म्हणून देवजीला आणखी काही बोलता आलं नाही. भीती तिलाही वाटत होती. रात्रभर ती पत्र्यावर थेंब वाजतो का ते ऐकत पडली होती.

रविवारी सकाळी नऊच्या सुमाराला टेकडीच्या वळणावर एक बाई दिसली. साडी नेसलेली, कडेवर मूल. खोडाळ्याहून जीपने आली होती आणि पुढे चालत. जवळ येईपर्यंत गोदीने तिला ओळखलं नाही. खाकीशिवाय ती फारच लहान दिसत होती.

"आज सुट्टी आहे," रंजना म्हणाली. तिला धाप लागली होती. "राब भाजला नाहीत अजून? मावशी, आभाळ बघा ना!"

"तुझी वाट बघत होते."

रंजना ओट्यावर बसली. जयवंतीने पाणी दिलं. देवजी खांबाला टेकून उभा राहिला. त्याने विचारलं, "खुलासा का काय ते मागितलेलं ना तुझ्याकडं?"

"दिला. जागा का सोडली, राबावर का झोपलीस, सगळं लिहून मागितलं."

"मंग काय लिवलंस?"

"खरं तेच लिहिलं. राखण करत होते म्हणून." ती थोडी हसली. "साहेबांनी दोनदा वाचलं. नोंद व्हायची ती झाली माझ्या सेवापुस्तकात. मग त्यांनी स्वतःच कपाट उघडलं आणि हे माझ्या हातात ठेवलं. म्हणाले, ज्यांचं आहे त्यांना देऊन ये."

तिने पिशवीतून वर्तमानपत्राची पुडी काढली. गोदीने हात पुढे केला, पण त्याच वेळी प्रगतीने रंजनाच्या कडेवरून अंग टाकलं आणि गोदीच्या अंगावर झेप घेतली. गोदीला तिला धरावंच लागलं. पोर तिच्या गळ्यातली पोत दोन्ही मुठींत पकडून बसली. पोरीचं ते ऊन, ओलसर वजन गोदीच्या मांडीवर आलं. डोळ्यांतून पाणी आलं ते तिने पुसलं नाही, हात मोकळे नव्हते.

पुडी रंजनाच्या हातात तशीच राहिली होती. ढगाने ऊन झाकलं. वारा पडला होता, राब भाजायला हवी तशी वेळ होती आणि ती फार टिकणार नव्हती.

"तू ठेव," गोदी म्हणाली.

रंजनाला वाटलं तिलाच सांगितलं. पण गोदी देवजीकडे बघत होती.

देवजी एकदा गोठ्याकडे वळलासा झाला. मग थांबला. त्याने रंजनाच्या हातून पुडी घेतली, कागद सोडवला आणि ते गंजकं टोक तळहातावर धरून बघत राहिला. तीस वर्षांत पहिल्यांदाच ते त्याच्या हातात आलं होतं. त्याचा अंगठा त्यावरून हळूहळू फिरला.

"जागा दावू का?" जयवंतीने विचारलं.

"ठावं हाय मला," देवजी म्हणाला.

तो बांधावर गेला, वरच्या कोपऱ्यात गुडघ्यांवर बसला. हाताने मोजलं नाही, इकडेतिकडे बघितलं नाही. बांधापासून बरोबर दोन हात आत त्याने पातेरा बाजूला केला, लोखंड ठेवलं आणि वरून माती दाबली. माती दाबताना त्याचे ओठ हलत होते. काय बोलत होता ते ओट्यावर ऐकू आलं नाही, पण एक नाव गोदीला ओठांवरून कळलं.

मग त्याने काडी ओढली आणि राब वरच्या अंगाने पेटवला.